हवामानाची चर्चा ठरावापर्यंत कशी न्यावी

गावात किंवा सोसायटीत हवामानबदलावर कार्यक्रम ठेवला की त्याचा साचा ठरलेला असतो. बाहेरून वक्ते येतात, पडद्यावर वितळणाऱ्या हिमनगांची चित्रं दिसतात, सामूहिक शपथ होते, दोन रोपं लावली जातात आणि चहापान होतं. ऐकणाऱ्यांना विषय पटलेला असतो, पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून नेमकं काय करायचं हे कुणालाच कळलेलं नसतं. महाराष्ट्र शासनाने २ ऑक्टोबर २०२० पासून ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू केलं आणि भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश हे शब्द ग्रामपंचायतींच्या भिंतींवर आले. त्यामुळे विषय आता नवा राहिलेला नाही आणि बोलणाऱ्यांचीही वाण नाही. अडतं ते पुढे. बोलणं हिशोबापर्यंत पोचत नाही आणि हिशोब ठरावापर्यंत पोचत नाही.

या मधल्या वाटेबद्दल हा लेख आहे. बचत गटाच्या ताई, शाळेतले भूगोलाचे गुरुजी, नव्याने निवडून आलेले ग्रामपंचायत सदस्य, सोसायटीचे सचिव, अशा माणसांसाठी तो लिहिला आहे. त्यांच्या हातात पैसा फारसा नसतो, अधिकारही बेताचाच असतो, पण चार माणसं त्यांच्या शब्दावर एकत्र बसतात. हे बळ लहान नाही.

पहिला प्रश्न कोणता विचारायचा

सुरुवात उत्तर ध्रुवापासून करू नका आणि २०५० सालापासूनही करू नका. समोरच्या माणसाला विचारा, “तुमच्या विहिरीला पूर्वी कुठल्या महिन्यापर्यंत पाणी असायचं? आता कधी तळ दिसतो?” किंवा, “मृगाची पेरणी शेवटची कधी साधली?” असं विचारलं की म्हातारी माणसं बोलती होतात. मग एकजण सांगतो की पाऊस तेवढाच पडतो, पण चार दिवसांत पडून मोकळा होतो. दुसरा म्हणतो, दुबार पेरणी आता नेमाची झाली. बायका सांगतात की रात्रीसुद्धा घर निवत नाही. हे सगळं फळ्यावर किंवा कागदावर लिहून घ्या, माणसांच्याच शब्दांत. आपलं म्हणणं लिहिलं गेलं की माणूस पुढच्या बैठकीला येतो.

त्यानंतरच विज्ञान सांगा, तेही थोडक्यात. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. म्हणून पावसाला खंड पडला की तो लांबतो आणि पाऊस आला की कोसळतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्राचाही मोठा भाग येतो, विस्तृत क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. नगर-सोलापूरकडच्या कित्येक तालुक्यांत वर्षभराचा पाऊस एवढा भरतो. एवढं सांगितलं तरी पुरे. फळ्यावर लिहिलेल्या त्यांच्याच वाक्यांशी हे जोडून दाखवा आणि थांबा.

आक्षेप येतील, ते येऊ द्या. सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतो तो असा, “दुष्काळ काय आजचे आहेत? बहात्तरचा विसरलात?” या माणसाला अडाणी समजू नका, तो मोठा धागा हातात देतो आहे. मराठवाड्यातली जुनी माणसं सांगतात की बहात्तरला खायला धान्य नव्हतं पण आडाला पाणी होतं, आणि आता धान्य आहे पण पाण्याला टँकर लागतो. मधल्या काळात हवामान बदललं हे खरं, पण आपण जमिनीला बोअरही पाडले, मोटारी बसवल्या आणि उसाचं क्षेत्र वाढवलं. हे दोन्ही मोकळेपणाने सांगा. गावातल्या प्रत्येक संकटाचं खापर हवामानबदलावर फोडलं तर शेतकऱ्याचा तुमच्यावरचा विश्वास उडतो, कारण शेजारच्या बोअरने आपली विहीर आटली हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

दुसरा आक्षेप असतो, “धूर सोडणार अमेरिका आणि शहाणपण आम्हाला?” हा मुद्दा पूर्ण खरा आहे, तो मान्य करा. माणशी कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन अमेरिकेत वर्षाला सुमारे १४ टन आहे, जगाची सरासरी पाच टनांच्या जवळ आहे आणि भारताचं दोन टनांच्या आसपास. आपल्या खेड्यातल्या शेतमजूर बाईचं तर त्याहूनही कितीतरी कमी. म्हणूनच तिच्यासमोर उत्सर्जन कमी करण्याचं प्रवचन देणं मला अन्यायाचं वाटतं. तिच्याशी बोलायचं ते तिच्या पाण्याबद्दल, तिच्या घराच्या तापलेल्या पत्र्याबद्दल, तिच्या बुडणाऱ्या मजुरीबद्दल. उत्सर्जनाची चर्चा शहरातल्या सोसायटीत, वातानुकूलित खोल्यांच्या आणि दोन-दोन मोटारींच्या मालकांसमोर करावी.

आणि कुणी म्हणालं की पाऊस देवाच्या हातात आहे, तर वाद घालू नका. पडलेलं पाणी तरी आपल्या हातात आहे, एवढंच म्हणा आणि पुढे चला.

अभ्यास वेगळा, निर्णय वेगळा

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने एक पद्धत घडवली आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामातून तिथे अभ्यासगट उभे राहिले. अभ्यासगटात एखाद्या विषयावर फक्त समजून घेण्यासाठी बसायचं. बाहेरचा जाणकारही त्यात येऊ शकतो, प्रश्न विचारू शकतो, माहिती देऊ शकतो. निर्णय मात्र ग्रामसभेतच होतो, आणि तोही बहुमताने होत नाही. सगळ्यांची सहमती होईपर्यंत विषय पुढे चालू ठेवतात. वेळ लागतो, पण झालेला निर्णय कुणी मोडत नाही. २००९ साली या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागे अशा बसण्याची कित्येक वर्षं आहेत.

आपल्या गावात सहमतीचा एवढा कडक नियम कदाचित चालणार नाही. पण दोन बैठका वेगळ्या ठेवण्याचा धडा कुठेही चालतो. जिथे पहिल्याच बैठकीत ‘ऊस बंद करा’ असा ठराव पुढे येतो, तिथे पहिल्या दहा मिनिटांत दोन तट पडतात आणि मग विहिरीची पातळीसुद्धा कुठल्या गटाने मोजली यावरून खरी-खोटी ठरते. निर्णयाची घाई नसलेल्या जागेत माणसं आकडे मोकळ्या मनाने पाहतात. म्हणून उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात अभ्यासाला बसा, आणि निर्णय ठेवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला. ही तारीख उगाच सांगत नाही. पाऊस सरत आलेला असतो, विहिरी भरलेल्या असतात आणि रब्बीची पेरणी तोंडावर असते. गावात यंदा किती पाणी आहे आणि कोणतं पीक किती घ्यायचं हे ठरवायला याहून नेमका मुहूर्त वर्षात दुसरा नाही.

त्याआधी होणारी महिलांची ग्रामसभा कागदावर उरकू देऊ नका. पिण्याच्या पाण्याचा नंबर पहिला लागावा, हा आग्रह सगळ्यात आधी तिथूनच येतो.

पाण्याचा हिशोब मांडताना

हिशोबाला दोन नोंदी लागतात, पाऊस किती पडला आणि विहिरीत किती आहे. पर्जन्यमापक विकत घेता आला तर उत्तम, नाही तर सरळ उभ्या भिंतींचा आणि सपाट बुडाचा कुठलाही डबा चालतो. तोंड आणि बूड सारख्याच रुंदीचं असलं की डब्याचा आकार लहान-मोठा असला तरी फरक पडत नाही, आत साठलेल्या पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजली की तोच पाऊस. डबा झाडापासून आणि भिंतीपासून लांब, मोकळ्या जागेत पक्का बसवायचा. हवामान खातं सकाळी साडेआठला नोंद घेतं, आपणही तीच वेळ धरावी, म्हणजे तालुक्याच्या आकड्याशी ताडून बघता येतं. हे काम सातवी-आठवीची मुलं फार निगुतीने करतात. त्यांना एक गोष्ट मात्र बजावून सांगावी लागते. ज्या दिवशी पाऊस नाही त्या दिवशी वहीत शून्य लिहायचं, रकाना रिकामा सोडायचा नाही. पावसाळा संपल्यावर सलग शून्यांच्या रांगा मोजल्या की खंड किती दिवसांचा पडला ते दिसतं, आणि हवामान बदललं का या प्रश्नाचं गावापुरतं उत्तर दहा वर्षांनी याच वहीत सापडणार असतं.

विहिरीसाठी दोरीला वजन बांधून किंवा मोजपट्टी सोडून कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजतात. कठड्यावर तेलरंगाने एक खूण करून ठेवा आणि दर वेळी तिथूनच मोजा. सकाळी मोटार सुरू होण्याआधी मोजा, कारण उपसा सुरू असताना दिसणारी पातळी फसवी असते. गावाच्या वरच्या अंगाच्या, मधल्या आणि खालच्या अंगाच्या मिळून पाच-सात विहिरी निवडल्या तर चित्र बऱ्यापैकी उमटतं. मे अखेरची आणि ऑक्टोबरची नोंद कधीच चुकवू नये.

आता गणित. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. समजा गावाचं शिवार एक हजार हेक्टर आहे आणि वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस होतो. पडलेलं पाणी झालं ५०० कोटी लिटर. हा आकडा ऐकून सभेत पहिल्यांदा समाधानाची कुजबुज होते. मग पुढचं सांगायचं. यातलं बरंचसं पाणी उन्हाने उडून जातं, खरिपाची पिकं आणि गवत वापरतात, काही ओढ्याने वाहून जातं. महाराष्ट्राच्या बहुतेक भागाखाली काळा बेसॉल्ट आहे. त्यात पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि भेगांमध्ये. भूजलाचा अंदाज बांधण्याच्या शासकीय पद्धतीत झिजलेल्या बेसॉल्टसाठी पावसाच्या साधारण ७ टक्के आणि सच्छिद्र, भेगाळ बेसॉल्टसाठी १३ टक्क्यांच्या आसपास पाणी मुरतं असं धरतात. आपण मधले १० टक्के धरू. विहिरींच्या वाट्याला आलं ५० कोटी लिटर.

गावाची वस्ती दोन हजार असेल तर जलजीवन मिशनच्या माणशी रोज ५५ लिटरप्रमाणे वर्षाला चार कोटी लिटर लागतात. हजार जनावरांना सरासरी ५० लिटर धरले तर आणखी पावणेदोन-दोन कोटी. हे सहा कोटी आधी बाजूला काढायचे, त्याला कुणी हात लावायचा नाही. शेतीला उरले ४४ कोटी.

पाटाने भिजवलेल्या उसाला पीककाळात हेक्टरी साधारण दोन कोटी लिटर पाणी लागतं. पावसाचा वाटा वजा केला तरी विहिरीतून दीड कोटी उपसावं लागतंच. भागाकार सभेतच कुणाला तरी करायला सांगा. तीस हेक्टरही पुरे भिजत नाहीत तोच गावाचं पाणी संपतं, हजार हेक्टरच्या शिवारात. तेच पाणी हरभऱ्याला तीन वेळा दिलं आणि प्रत्येक पाण्याला ७० मिलिमीटर धरले, तर हेक्टरी २१ लाख लिटर लागतात आणि दोनशे हेक्टर रब्बी निघते. हा हिशोब ढोबळ आहे, हे सभेला स्पष्ट सांगा. तुमच्या गावचा खडक, बंधारे, ओढा, शेजारच्या शिवारातून येणारं पाणी यांनी तो बदलेल. नेमक्या आकड्यांसाठी जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेला पत्र लिहा. अटल भूजल योजना आणि नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प यांत असलेल्या गावांचे पाण्याचे ताळेबंद आधीच तयार झालेले आहेत. तुमचं गाव त्यात असेल तर तो कागद ग्रामपंचायतीतून मागून घ्या आणि मोठ्या अक्षरांत फलकावर लावा.

उसाच्या शेतकऱ्याला या सभेत आरोपी करू नका. त्याला ऊस आवडतो म्हणून तो लावत नाही. साखर कारखाना ऊस उचलतो आणि त्याला कायद्याने ठरलेला दर आहे. हरभऱ्याचा हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्र वेळेवर उघडेल याची खात्री त्याला कुणी देत नाही. म्हणून ठराव करताना पहिलं पाऊल ठिबकचं असावं, त्याच्या अनुदानाच्या अर्जांची जबाबदारी कुणीतरी अंगावर घ्यावी, आणि नव्या लागवडीवर मर्यादा घालावी. उभं पीक मोडायला सांगणारा ठराव टिकत नाही.

ठराव टिकतो कसा, याची महाराष्ट्रात दोन थोर उदाहरणं आहेत. बहात्तरच्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर ठरला नाही, माणसांवर ठरला. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं, भूमिहीनांनाही हक्क, आणि या पाण्यावर ऊस नाही. हिवरे बाजारला १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आली, शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी आली, आणि पुढे पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायची रीत पडली. हिवरे बाजारचे बंधारे बघायला गावंच्या गावं बस भरून जातात. नियम बघायला जाणारी फार थोडी. बंधारा शासनाच्या पैशाने कुठेही बांधता येतो. बोअरबंदी फक्त गावच करू शकतं.

उपाय म्हणून गळ्यात मारल्या जाणाऱ्या काही कामांकडे मात्र डोळसपणे पाहा. प्लास्टिकचं अस्तर घातलेलं मोठं शेततळं पावसाच्या वाहत्या पाण्याने भरलं तर ते उपयोगाचं आहे. बोअरचं पाणी उपसून त्यात साठवलं, तर सगळ्यांच्या जमिनीखालचं पाणी एकाच्या तळ्यात येऊन उन्हाने उडतं, हे उघड नुकसान आहे आणि अशी शेततळी जागोजाग दिसतात. ओढ्याचं खोलीकरण माथ्यावरची कामं झाल्याशिवाय केलं तर दोन पावसाळ्यांत गाळाने भरतं. वृक्षारोपणाचंही तेच. खड्डा, कुंपण आणि तीन उन्हाळ्यांचं पाणी कोण देणार हे लिहून झाल्याशिवाय रोप आणू नका. सोलापूर, नगर, पुण्याच्या पूर्वेकडची माळरानं पडीक नाहीत. तिथे गवत उगवतं, मेंढ्या चरतात, लांडगा आणि काळवीट राहतात. त्या माळावर रांगेत झाडं लावून पर्यावरण वाढत नाही.

उन्हाबद्दल बोलताना

पाण्याइतकी चर्चा उन्हाची होत नाही, कारण उन्हाने झालेलं मरण ताप, हृदयविकार, वय अशा नावांखाली नोंदलं जातं. अहमदाबादमध्ये मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक जास्त मृत्यू झाले, हे नंतरच्या अभ्यासात कळलं. २०१३ साली त्या महापालिकेने उष्णतेविरुद्धचा कृती आराखडा केला आणि पुढे नागपूरसह अनेक शहरांनी तो मार्ग धरला. गावात आणि वस्तीत हा विषय काढायचा तर बायकांना विचारा, “दुपारी बारा ते चार घरात कुठे बसता?” पत्र्याच्या घरातल्या बाईचं उत्तर बहुधा असतं की दारात, नाही तर शेजारच्या झाडाखाली.

तिच्यासाठी सगळ्यात स्वस्त उपाय छप्पर पांढरं करणं हा आहे. मार्चच्या सुरुवातीला पत्रा किंवा स्लॅब स्वच्छ धुऊन वाळवायचा आणि चुन्याचे किंवा उष्णता परावर्तित करणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात द्यायचे. घर कसं आहे त्यावर आतलं तापमान दोन ते पाच अंशांनी कमी होऊ शकतं. चुना पावसात धुपतो, तो दर उन्हाळ्यात लावावा लागतो. रंग महाग पडतो पण काही वर्षं टिकतो. सिमेंटचे जुने पत्रे घासू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असतो आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. जुन्या पत्र्यावर चढताना तो फुटून माणसं पडतात, म्हणून फळी टाकूनच चढावं. बचत गटाने एकत्र माल घेतला तर खर्च खूप उतरतो, आणि ग्रामपंचायतीने अंगणवाडीचं व शाळेचं छप्पर आधी रंगवलं तर लोक हात लावून फरक पाहतात.

दुसरा ठराव कामाच्या वेळेचा. एप्रिल-मे मध्ये रोजगार हमीचं काम, बांधकाम, शेतमजुरी सकाळी लवकर सुरू करून अकरापर्यंत थांबवायची आणि उरलेलं काम चारनंतर घ्यायचं, मजुरी न कापता. मजुरी कापायची असेल तर असा ठराव करूच नका, गरीब माणूस उन्हातच उभा राहील. कामावर सावली आणि पाणी असलंच पाहिजे. आणि हे प्रत्येकाला पाठ असू द्या: अंग तापलेलं आहे आणि माणूस असंबद्ध बोलतोय किंवा शुद्ध हरपली आहे, तर तो उष्माघात आहे. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

सोसायटीच्या सभेत

शहरातली चर्चा व्हॉट्सॲपच्या गटावर सुरू होते आणि तिथेच भांडणात संपते. ती सभेत आणा. गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते आणि तिची सूचना चौदा दिवस आधी निघते. तुमचा विषय त्या विषयपत्रिकेवर असला पाहिजे. ऐनवेळच्या विषयांत खर्चाचा प्रस्ताव मांडला की तो पुढच्या सभेवर ढकलला जातो, म्हणजे वर्ष गेलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सचिवांना लेखी पत्र द्या आणि सोबत आकडे जोडा.

सौर ऊर्जेसाठी आकडे असे मांडता येतात. जिना, लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाची बारा महिन्यांची बिलं एकत्र करा. एक किलोवॅटचे पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट वीज देतात आणि गच्चीवर सुमारे शंभर चौरस फूट जागा घेतात. दहा किलोवॅटचे बसवले तर वर्षाला चौदा हजार युनिटच्या आसपास वीज मिळते, आणि आपल्याकडची बरीचशी वीज कोळशाची असल्याने तेवढ्याने सुमारे दहा टन कार्बन डायऑक्साइड वाचतो. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान ठेवलेलं आहे. तीन ठेकेदारांची दरपत्रकं आणा. सभेत विरोध बहुतेक दोन कारणांनी होतो, गच्ची गळेल आणि कपडे-पापड वाळवायला जागा राहणार नाही. दोन्ही काळज्या खऱ्या आहेत. पॅनेल उंच सांगाड्यावर बसवून खाली वावर ठेवता येतो आणि गळतीची हमी करारात लिहून घेता येते. हे आधीच सांगितलंत तर विरोधाचं अर्धं बळ जातं.

ओल्या कचऱ्याचं बोलणं जास्त नाजूक असतं. कचराभूमीवर दाबला गेलेला ओला कचरा हवेवाचून कुजतो आणि त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशोबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस-तीस पट तापवणारा वायू आहे. पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या संकुलांनी ओला कचरा आवारातच जिरवावा, असं घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी सांगितलं. अनेक सोसायट्यांनी खताचे पिंप आणले आणि वास सुटला म्हणून सहा महिन्यांत बंद केले. वास येतो तो कोरडा पालापाचोळा कमी पडल्यामुळे. ओला कचरा टाकल्यावर तो पूर्ण झाकेल एवढा पाला किंवा लाकडाचा भुसा प्रत्येक वेळी घालायचा आणि आठवड्यातून दोनदा खालीवर करायचं. यासाठी पाला पोत्यांत भरून ठेवावा लागतो, तो जाळायचा नसतो. आणि या चर्चेला सफाईचं काम करणाऱ्या मावशींना बोलवा. पिंप तेच हलवणार आहेत. त्यांना किती वेळ लागतो, हातमोजे कोणते हवेत, पगारात किती वाढ हवी, हे त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय केलेला ठराव त्यांच्यावर लादलेला असतो आणि तो चालत नाही.

ठराव लिहिताना

‘पर्यावरण संवर्धनासाठी प्रयत्न करण्याचे ठरले’ असं इतिवृत्तात लिहिलं की विषय संपला. ठरावात काम कोणतं, कोण करणार, कधीपर्यंत, पैसा कुठून आणि पुढच्या सभेत अहवाल कोण देणार, या पाच गोष्टी असल्याच पाहिजेत. गावात हे काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालून घ्या, आराखड्यात नसलेल्या कामाला निधी मिळवताना नाकी नऊ येतात. एका वर्षी दोनच ठराव करा. दहा ठराव करणाऱ्या सभेला पुढच्या वर्षी एकाचाही अहवाल देता येत नाही, आणि मग लोक येणं सोडतात.

ठराव फेटाळला गेला तर नाराज होऊन घरी बसू नका. पावसाची वही आणि विहिरीच्या नोंदी चालूच ठेवा. एका वर्षाचा आकडा योगायोग म्हणून उडवून लावता येतो, तीन पावसाळ्यांची वही सहज उडवता येत नाही. येत्या पावसाळ्याआधी डबा बसवा, कठड्यावर खूण करा आणि पहिली नोंद तुमच्या हाताने लिहा.